पेन्सिलीनं लिहिलेली नावं

आमच्या विभागप्रमुख सरांना "सर, हे काय आहे?" असं विचारणं म्हणजे आपली अख्खी दुपार त्यांच्या नावावर करून देणं. कुणी साधी मेलेली पाल घेऊन आलं तरी सर आधी चष्मा पुसत. मग पाल उताणी करत, पायांची बोटं तपासत, चिमट्यानं तोंड उघडून दात कसे बसलेत ते बघत. एवढं सगळं झाल्यावर म्हणत, "पालीच्या कुळातली वाटते. उद्या सांगतो." उद्या विचारायला जावं तर ते परवावर जाई, आणि तोवर पाल आपण होऊन वास मारायला लागलेली असे.

भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्र विभाग होता. एका अंगाच्या खिडक्या कायम बंद, कारण खाली पॉवरलूमचे कारखाने. लूमची खटखट तरीही आत येतच असे आणि बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बारीक थरथरत राही. बेडूक, सरडे, वटवाघळं, एक न जन्मलेलं शेळीचं पिल्लू, असा सगळा गोतावळा त्या बरण्यांत तरंगत असे आणि प्रत्येक बरणीवर सरांच्या हातची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. शाई फॉर्मॅलिनमध्ये विरघळते, असं सर सांगत आणि ते खरंही होतं. पण कपाटांवर, किल्ल्यांवर, अगदी स्वतःच्या डब्यावरही नाव पेन्सिलीनंच होतं. त्याचं कारण विचारलं की म्हणत, "नाव देणं सोपं असतं. परत घेणं जड जातं."

हल्ली लोक मोबाइलवर सापांचे फोटो पाठवतात. दापोड्याच्या गोदामांतून, कशेळीकडून, कुठून कुठून सरांना फोटो येत. गोदामातला कुणी हमाल विचारी, "सर, ये जहरी है क्या?" सर उत्तर पाठवत, "पोटाकडचा फोटो पाठवा. शेपटीच्या खालचा वेगळा. सापापासून लांब राहा." आता जिवंत सापाच्या शेपटीखालचा फोटो त्याच्यापासून लांब राहून कोण कसा काढणार? पण सरांना त्यात काही विनोद दिसत नसे. वरून दिसतो तो रंग आणि रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हाड दाखवा, दात दाखवा, खवल्यांची मांडणी दाखवा, मग बोलू.

शिकवताना मात्र माणूस बदलून जाई. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची तुलनात्मक शरीररचना हा त्यांचा जीव की प्राण. एका हातात वटवाघळाचा पंख धरून आणि दुसरा स्वतःचाच पंजा पसरून ते हाडाला हाड जुळवून दाखवत, तेव्हा मागच्या बाकावरचे उनाडसुद्धा गप्प बसत. एक गोष्ट ते दरवर्षी सांगत. सरड्याच्या जबड्याच्या सांध्यात जी दोन हाडं असतात, तीच सस्तन प्राण्यांमध्ये लहान होत होत कानात जाऊन बसली. "म्हणजे आपल्या जबड्याचा तुकडा निसर्गानं ऐकण्याच्या कामाला लावलाय," ते म्हणत. "त्यावरून काय ते समजा." स्टाफरूममध्ये कुणी फार बडबडायला लागलं की सर नुसतं कानाला बोट लावत.

जेवायला त्यांना बोलावणं ही मोठी जोखीम होती. एकदा प्राचार्यांच्या घरी आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. प्राचार्यांच्या पत्नीनं कौतुकानं विचारलं, "सर, सुरमई कशी झालीय?" सरांनी सांगितलं, "काटे बघितल्याशिवाय कसं सांगू?" सगळे हसले. सर खाली मान घालून जेवत राहिले आणि जेवता जेवता ताटाच्या कडेला एकेक काटा लावत गेले. हात धुवायला उठताना अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, चव फार छान होती. सुरमई मात्र नव्हती." त्यानंतर त्या घरी आम्हांला चहापलीकडे काही मिळालं नाही.

सरांचं घर निजामपुऱ्यात, दोन लूमच्या कारखान्यांच्या मध्ये. जन्म तिथेच गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. शांत खोलीतही ते समोरच्याशी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखे बोलत. शुक्रवारी लूम बंद असले की त्यांना घरी चैन पडत नसे, मग उगाचच कॉलेजच्या गेटवर येऊन वॉचमनशी बोलत बसत. कोपऱ्यावरचा खाटीक त्यांचा जुना दोस्त. "सर, मुंडी रखी है आपके लिए," असं त्यानं हाळी देऊन सांगायचं आणि सरांनी ते पिशवीतून घरी न्यायचं, गच्चीवर पातेल्यात उकळायचं, कवटी साफ करायची, अशी रीत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, "माझ्या लग्नात आलेल्या पातेल्यांतली दोनच माझ्या स्वयंपाकाला राहिली बघ. बाकीच्यांत ह्यांनी बोकड, मांजर, काय काय शिजवलं, देवाला ठाऊक." काकूंच्या बोलण्यात तक्रार होती, पण जुनी, सवयीची.

आणि सर घाबरट होते. हे लपवून त्यांचं चित्र काढलं तर ते खोटं होईल. प्रयोगशाळेचं कुलूप लावून जिना उतरायचे, अर्ध्यावरून परत वर जाऊन ओढून बघायचे. गॅसचा नळ बंद केला का, म्हणून घरी गेल्यावर शिपायाला फोन करायचे. भिवंडीच्या रस्त्यांवर कंटेनर आणि ट्रेलर कायम दाटीवाटीनं चाललेले असतात. ते बघून सर फुटपाथवरच थिजत. दहा-बारा माणसं जमून रस्ता ओलांडायला लागली की मगच त्यांच्यात घुसून जायचं. "कळपातला प्राणी कमी मरतो," असं वर शास्त्रही सांगायचे.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. अकलोलीच्या पलीकडे आमचं गाव, बाबा भातशेती करतात आणि शेती नसते तेव्हा गोदामात कामाला जातात. घरात कॉलेजात शिकवणारी मी पहिलीच. त्यामुळे मलाही सतत धास्ती असे, पुढल्या वर्षी ठेवतील की नाही, काही चुकलं तर काय. सर आणि मी, दोघंही भित्रे, म्हणून आमचं जमलं असावं. मी रुजू झाले त्या दिवसापासून सरांनी मला "तू" म्हणायचं सोडलं. मी खूप विनवलं, पण ऐकेनात. "आता तुम्ही शिक्षक आहात," एवढंच म्हणाले, आणि "तुम्ही"वर ठाम राहिले.

आता त्या दिवसाकडे येते. 

भाताची लावणी नुकतीच संपली होती. घरात उकाडा, म्हणून आम्ही सगळे खालीच अंथरूण घालून झोपायचो. सकाळी मी उठले ती पोटात दुखत होतं म्हणून. आदल्या दिवशीचे वाल बाधले असतील, असं वाटलं. तेवढ्यात आईनं अंथरुणं गुंडाळताना साप बघितला आणि बाबांनी काठीनं तो तिथेच मारला. आमच्याकडे साप मारला की त्याचं डोकं ठेचायचं आणि लगेच गोवऱ्यांवर जाळायचं, म्हणजे त्याचा जोडीदार माग काढत येत नाही, अशी समजूत. मी तोंडात ब्रश धरून अंगणात आले तोवर साप अर्धा जळालाही होता.

"कंचा हाय गं ह्यो? इखारी न्हाय ना?" बाबांनी विचारलं. घरात प्राणिशास्त्राची बाई असल्यावर दुसऱ्या कुणाला विचारणार?

मी वाकून बघितलं. काळपट अंग, पांढरे पट्टे, आणि धुरातून दिसलं तेवढ्यात पट्टे अगदी मानेपासून सुरू झालेले. "कवड्या," मी म्हटलं. "बिनविषारी आहे."

"मंग बरं हाय," बाबा म्हणाले आणि गोवऱ्या सारख्या करायला लागले.

कवड्या आणि मण्यार दिसायला सख्खे भाऊ. कवड्याच्या चाव्यानं काही होत नाही. मण्यार हा अत्यंत विषारी, आणि तो झोपेत चावतो. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. मानेपासून पट्टे असले तर कवड्या, ही ओळखायची खूण गावोगावी सांगितली जाते. मीही तीच लावली आणि कॉलेजला निघाले. जीपनं वज्रेश्वरी, तिथून एसटीनं भिवंडी. एसटीत पोट जास्तच दुखायला लागलं, पण पहिलं प्रॅक्टिकल चुकवायची माझी छाती नव्हती.

स्टाफरूममध्ये सर चहा पीत बसले होते. मी गंमत म्हणून सकाळची हकीकत सांगितली. सरांनी कप खाली ठेवला.

"कण्यावरचे खवले बघितलेत?"

"सर, तो जळत होता."

"शेपटीखालचे?"

"जळत होता ना, सर."

"मग नाव कशावरून दिलंत?"

"पट्टे मानेपासून होते."

"मण्यारच्या पिल्लालाही ते मानेपर्यंत असतात," सर म्हणाले. नेहमीचा मोठा आवाज एकदम खाली आला होता. "तुम्ही खाली झोपला होतात? सकाळपासून काही होतंय?"

"थोडं पोट दुखतंय. वाल खाल्ले होते काल."

सर खुर्ची सरकवून माझ्यासमोर आले. "वर बघा. पंख्याकडे. पापणी पाडू नका." मला हसू आलं. बाकीचेही हसत होते, सरांचं हे नेहमीचंच म्हणून. मी वर बघितलं.

"किती पंखे आहेत?" सरांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं.

आमच्या स्टाफरूममध्ये एकच पंखा होता. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मला एवढंच आठवतं की सरांनी माझ्या दंडाला धरून मला जिन्यावरून खाली आणलं. रिक्षा रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मला गेटपाशी वॉचमनच्या हाती देऊन सर एकटेच रस्त्यात उतरले. समोरून आलेल्या ट्रेलरपुढे हात करून उभे राहिले, आणि ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत असताना रिक्षा वळवून घेऊन आले.

जवळच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं माझे हातपाय, मान सगळं तपासलं. चावल्याची खूण कुठेच नाही. "पोटदुखीच दिसतेय. ॲसिडिटीचं इंजेक्शन देतो, घरी आराम करा," तो म्हणाला. मग सहज विचारलं, "साप कुणी पाहिला का?"

"मी पाहिला," सर म्हणाले. "मण्यार होता. कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. शेपटीखालचे खवले अखंड. मी हातात घेऊन पाहिलाय."

माझी जीभ तोवर जड झाली होती, नाहीतर मी नक्की बोलले असते. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. जो माणूस ताटातल्या माशाचं नाव काट्यांवाचून घेत नसे, तो न पाहिलेल्या सापाचे खवले सांगत होता, आणि त्याच्या तोंडावर कसलीही शंका नव्हती. डॉक्टरचा चेहरा बदलला. त्यानं पुन्हा माझ्या पापण्या बघितल्या. त्या आता माझ्या मला उचलता येत नव्हत्या. सलाइन लागलं, प्रतिविष सुरू झालं, आणि श्वासाचं यंत्र इथे मोकळं नाही म्हणून मला अॅम्ब्युलन्समध्ये घालून ठाण्याला काढलं. तो "मी पाहिला" नसता, तर मी घरी आराम करायला गेले असते आणि तिथेच संपले असते.

नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. भोंगा वाजत होता पण हलायला जागा नव्हती. माझे डोळे मिटलेले, हात उचलेना, आणि मग श्वासही आत ओढता येईना. शेजारचा ब्रदर रबरी फुग्यानं हवा भरत होता. त्यानं माझी पापणी वर करून टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, बुबुळ हालत नाय."

पुढून ड्रायव्हर म्हणाला, "खतम हो गया क्या?"

"पंप थांबवू नका," सर म्हणाले. मग माझ्या कानापाशी येऊन, निजामपुऱ्याच्या त्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. तुला ऐकू येतंय, मला माहीत आहे. हे विष फक्त स्नायू पकडतं, कान नाही पकडत. तू ऐकत राहा." किती वर्षांनी त्यांच्या तोंडून मी "तू" ऐकलं, आणि मला रडताही आलं नाही.

आयसीयूतले दिवस मला दिवस म्हणून आठवत नाहीत. काळोख, यंत्राचा एकसुरी आवाज, आणि माणसांची बोलणी, एवढंच. मला सगळं ऐकू येत होतं. नर्स एकमेकींना डब्यात काय आणलं ते सांगायच्या ते ऐकू येई, आई माझे पाय चोळत पुटपुटायची ते ऐकू येई. मी आतून ओरडत होते आणि बाहेर काहीच पोचत नव्हतं. जिवंत माणसाला मेलेला समजून सगळे बाजूला उभे आहेत, या कल्पनेनं मी तिथे जितकी भ्याले तितकी आयुष्यात कधी भ्याले नाही.

एकदा डॉक्टर बाबांना सांगत होते, "प्रतिसाद अजून काही नाही. वाटेत मेंदूला प्राणवायू कमी पडला असू शकतो. आम्ही प्रयत्न सोडलेले नाहीत, पण खात्री देता येत नाही."

ते गेल्यावर मामा म्हणाले, "घरी नेऊ या. हितं नळ्या घालून काय व्हनार हाय? गाडी सांगतो."

बाबांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "नेऊ. पोरीची कुडी किती छळायची? घरात जाऊ दे तिला."

घरी नेणं म्हणजे यंत्र काढणं. मला ते स्पष्ट कळलं. बाबांचा काही दोष नव्हता, त्यांच्यानं बघवत नव्हतं.

"ती गेलेली नाही," सरांचा आवाज आला.

"सर, तुमी शिकलेले. पन पोर हालत न्हाय, डोला उघडत न्हाय. मी बाप हाय तिचा. मला बी कललं पायजे ना, ती हाय का न्हाय."

"संध्याकाळी भेटायच्या वेळेला मला तिच्यापाशी उभं राहू द्या. मी तिला विचारतो. तिनं उत्तर दिलं नाही, तर न्या. मी आडवा येणार नाही."

आयुष्यात तोंडी परीक्षा मी खूप दिल्या. पण परीक्षक आधीच इतका घाबरलेला असलेली ही एकच. सर आले तेव्हा त्यांच्या श्वासावरून मला ते कळलं. आईनं माझी पावलं हातात धरली होती. बाबा आणि मामा दाराशी असावेत. "मी एकेक सांगत जातो," सर म्हणाले, "बरोबर असेल तर पायाचा अंगठा हलव. थोडा हलला तरी चालेल." मग त्यांनी वर्गात शिकवायचे तसं सुरू केलं. जबडा नसलेले मासे, त्यांना जोडीचे पर नाहीत. बरोबर? मी सगळा जीव अंगठ्यात ओतला. काही झालं नाही. मासे, हृदयाचे दोन कप्पे. बरोबर? काही नाही. बेडूक, तीन कप्पे. बरोबर? नर्स म्हणाली, "सर, हळू बोला, बाकीचे पेशंट आहेत." सर हळू बोलायला गेले तर आवाज फाटायलाच लागला.

"सरपटणारे," ते म्हणाले. "कासव, पाल, साप, मगर. ह्या सगळ्यांच्या हृदयाला तीनच कप्पे. खालचा कप्पा अर्धवट दुभागलेला. सगळ्यांच्या. मगरीच्याही. बरोबर?"

चूक. साफ चूक. सरपटणाऱ्यांमध्ये मगर तेवढी वेगळी, तिच्या हृदयाला आपल्यासारखे पुरे चार कप्पे. हेच मी शेवटच्या वर्षाला विसरले होते, तेव्हा ह्याच माणसानं मला परीक्षेच्या टेबलासमोर घाम फुटेपर्यंत उभं ठेवलं होतं. आणि आता तोच माणूस माझ्या कानात बसून मगरीला तीन कप्पे सांगत होता. मला इतका संताप आला की भीती क्षणभर बाजूला पडली. नाही, सर, चार. चार. मी सगळ्या अंगानं "नाही" म्हणत होते.

"हालला," आई म्हणाली. अगदी बारीक आवाजात. "अंगठा हालला. माझ्या हाताला लागला."

"पुन्हा," सर म्हणाले. "पुन्हा हलव."

मी पुन्हा "नाही" म्हटलं. बाबा पुढे आले, त्यांचा खरखरीत हात माझ्या पावलावर पडला आणि तिथेच राहिला. मग कुणीतरी खाली बसून हुंदके द्यायला लागलं. ते बाबा आहेत हे कळायला मला वेळ लागला, कारण त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. गाडी परत पाठवली. त्यानंतर बोटं हलली, मग पापण्या, आणि बऱ्याच दिवसांनी माझा मी श्वास घेतला.

मी घरी आल्यावर सर काकूंना घेऊन गावी आले. बाबांनी त्यांना नारळ आणि शाल दिली, तर सर घेईनात. आधी घरातल्या सगळ्या अंथरुणांखाली बघून आले. मग राखेचा ढीग कुठे टाकला ते विचारून उकिरड्यावर काठीनं उकरत बसले. चारदोन जळके मणके मिळाले, ते डब्यात घेतले. "यावरून काही सांगता येणार नाही," डबा बंद करत म्हणाले. मी बघतच राहिले. एवढं होऊनसुद्धा सापाचं नाव त्यांच्या लेखी अजून ठरायचंच होतं.

जेवणं झाल्यावर ओसरीवर आम्ही दोघंच होतो. इतके दिवस जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "सर, मगरीचं तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगितलंत ना? मला चीड यावी म्हणून?"

मला तशी खात्रीच होती. हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी त्याची गोष्टही मनात रचून ठेवली होती, सर किती हुशार, त्यांनी कशी युक्ती केली.

"मगरीचं काय?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. तीन कप्पे म्हणालात, मगरीच्याही म्हणालात. सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा पडला होता.

"मी असं म्हणालो?" ते म्हणाले. "तुमच्या आईवडिलांसमोर?"

युक्ती वगैरे काही नव्हतीच. जन्मभर जे शिकवलं ते या माणसाला त्या संध्याकाळी आठवलं नव्हतं. मी मरेन म्हणून ते इतके भ्याले होते. आपल्यासाठी कुणी एवढं घाबरतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी भीतीनं विसरलो. तुम्ही तसल्या अवस्थेतही विसरला नाहीत."

पुढच्या जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. सरपटणाऱ्या प्राण्यांचे सगळे तास त्यांनी माझ्या नावावर टाकले होते. मी विचारायला वर्गात गेले, तर सर मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "सुरू करा, मॅडम. मी ऐकतोय."